रोचेस्टरचा किल्ला : तीन कोपरे चौकोनी, चौथा गोल

मेडवेकाठची

मागच्या महिन्यात आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. आम्ही केंटमध्ये राहतो, मेडवे नदीपासून जवळच. लंडन दाखवून झालं, टॉवर ऑफ लंडनही झाला. मग एका मंगळवारी म्हटलं, चला, आता आमच्या गावाजवळचा किल्ला बघू. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भिंत दिसली की आधी तिला हात लावतात, मग बोलतात.

रोचेस्टर स्टेशनपासून हाय स्ट्रीटने चालत गेलं की दहा-बारा मिनिटांत डाव्या हाताला कॅथेड्रल लागतं आणि त्याच्या पलीकडे एकदम हा बालेकिल्ला उभा राहतो. ११३ फूट उंच, साधारण ७० फुटांचा चौरस, तळाशी भिंती १२ फूट जाड. १०६६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांनी इथे जे बालेकिल्ले बांधले, त्यांत हा सगळ्यात उंच मानतात. कॅंटरबरीचा आर्चबिशप विल्यम द कॉर्बेय याच्याकडे पहिल्या हेन्री राजाने ११२७ साली किल्ल्याचा ताबा दिला, त्यानंतर त्याने हा उभारला. भिंतींचा मुख्य दगड केंटचाच, करडा, ओबडधोबड फुटणारा. त्याला इकडे रॅगस्टोन म्हणतात. घडीव कामाला मात्र समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या काँ गावाहून फिकट पिवळसर दगड आणला.

आम्ही आत न जाता आधी बाहेरून चक्कर मारली. आग्नेयेच्या कोपऱ्याशी बाबा थांबले. वर बघितलं, मागे जाऊन दुसरा कोपरा बघितला, परत आले आणि म्हणाले, "हा कोपरा मागाहून बांधलाय."

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. म्हटलं, कशावरून?

"बाकीचे तीन कोपरे चौकोनी आहेत, हा गोल. हातसुद्धा वेगळा दिसतो. एका माणसाने एका वेळी आखलं असतं तर असं केलं नसतं. हा पडलाय कधीतरी. आणि आपोआप नाही पडलेला, एवढ्या जाड भिंतीचा एकच कोपरा असा पडत नाही."

आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी नुसत्या दगडावरून ओळखली. १२१५ साली जॉन राजाने हा कोपरा पाडला होता. राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सरदारांच्या सनदेवर ज्याला शिक्कामोर्तब करावं लागलं, तोच जॉन. जूनमध्ये करार झाला, ऑगस्टमध्ये पोपने तो रद्दबातल ठरवला आणि शरद ऋतूत राजा आणि सरदारांची उघड लढाई जुंपली. बंडखोरांनी रोचेस्टर घेतलं, कारण डोव्हरहून लंडनला जाणारा जुना रोमन रस्ता इथेच पुलावरून मेडवे ओलांडतो. हा किल्ला ज्याच्या हातात, त्याच्या हातात तो रस्ता. राजा ऑक्टोबरच्या मध्यावर येऊन थडकला आणि वेढा सात आठवडे चालला.

आत गेल्यावर अजून एक गोष्ट दिसते. आत छत नाही, एकही मजला नाही. खाली उभं राहून मान वर केली की थेट आभाळ, आणि चारी भिंतींवर ओळीने चौकोनी भोकं, तुळया बसवायची. बाबांनी ती बोटाने मोजत मजले लावून दाखवले : हे तळघर, हा प्रवेशाचा मजला, हा दरबाराचा, हा वरचा. दार जमिनीच्या पातळीवर नाहीच, वर आहे, बाजूला जोडलेल्या बुरूजवजा इमारतीतून जिना चढून जावं लागायचं. मध्ये एक आडवी भिंत पायापासून माथ्यापर्यंत इमारतीचे दोन भाग करते, आणि त्या भिंतीच्या पोटात विहिरीचं नळकांडं सरळ वर गेलेलं आहे. प्रत्येक मजल्यावर पोहऱ्याने पाणी ओढून घ्यायची सोय! बाबा तिथे बराच वेळ उभे होते. म्हणाले, "भिंत बांधतानाच विहीर आखलीय. आधी पाणी, मग घर."

या भिंतीनेच शेवटी लढाई लांबवली. कोपरा ढासळला, शत्रू आत शिरला, तेव्हा आतले लोक या आडभिंतीमागे सरकले आणि अर्धा किल्ला घेऊन लढत राहिले.

इथे लंडनला येणारे बहुतेक मराठी लोक टॉवर आणि विंडसर बघून परत जातात. सेंट पॅंक्रासहून वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत हे सगळं आहे. ज्याला सह्याद्रीतले गड बघायची सवय आहे, त्याने तर हा किल्ला चुकवूच नये. कुणी जाऊन आलं असेल तर लिहा.

---

जुनी_पेठ

फार सुरेख लिहिलंय. बाबांचा कोपरा ओळखण्याचा प्रसंग दोनदा वाचला. एक शंका : १२१५ साली इंग्लंडात बंदुकीची दारू कुठे होती? मग एवढा बुरूज उडवला कसा?

---

मेडवेकाठची

@जुनी_पेठ, दारू नव्हतीच. आपण 'सुरुंग' म्हटलं की लगेच स्फोट डोळ्यांपुढे येतो, पण हा शब्द मुळात भुयाराचा, आणि इथे तो त्याच अर्थाने घ्यायचा.

राजाने आधी दगडफेकीची पाच यंत्रं लावली. रात्रंदिवस मारा चालू होता, भिंत दाद देईना. मग खाणकाम करणारे लागले. वेढ्याच्या सुरुवातीलाच राजाने कॅंटरबरीच्या कारभाऱ्यांना हुकूम धाडला होता की रात्रंदिवस काम करून होतील तेवढ्या कुदळी घडवा आणि पाठवा. आधी बाहेरची तटबंदी गेली. मग थेट बालेकिल्ल्याच्या आग्नेय कोपऱ्याखाली भुयार खणलं. खणत जायचं आणि वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरायचा. पाया पोकळ झाला की त्या पोकळीत जळण भरून पेटवायचं. टेकू जळाले की वरचं सगळं आपल्याच वजनाने खाली येतं.

आता जळण. २५ नोव्हेंबर १२१५ ची राजाज्ञा आजही उपलब्ध आहे. मुख्य न्यायाधिकारी ह्युबर्ट द बर्ग याला राजा लिहितो, खायला सगळ्यात कमी चांगली अशी, पण भरपूर चरबीची ४० डुकरं तातडीने पाठव, बुरुजाखाली आग लावायची आहे. ओल्या भुयारात लाकूड सहज पेटत नाही, चरबीने आग धरते आणि टिकते. हे वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे खाणारी नव्हेत, जाळायची डुकरं. हिशेब पक्का आहे माणसाचा."

---

कातळवाट

हे वाचताना चाकण डोळ्यांसमोर आलं. १६६० साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला, ऐन पावसाळ्यात. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला. तिथेही तोफांनी भागेना, म्हणून बुरुजाखाली भुयार खणलं, फक्त आता त्यात दारू ठासली. बुरूज उडाला, खिंडार पडलं, तरी मराठे त्या खिंडारात उभे राहून लढले.

मुद्दा असा की चाकण हा भुईकोट. आपले बाकीचे बहुतेक किल्ले काळ्या कातळावर आहेत. राजगडाच्या बुरुजाखाली कुणी कुदळीने भुयार खणून दाखवावं! भुईकोटाचं दुखणं सगळीकडे एकच : पाया मातीत, आणि माती खणता येते. रोचेस्टरला चारी बाजूंनी कडा असता तर जॉनची चाळीस डुकरं वाचली असती.

म्हणूनच दोन्हीकडच्या किल्ल्यांची तुलना करताना थोडं जपून. आपल्याकडे डोंगर हाच किल्ला आहे, तटबंदी त्याला नंतर जोडलेली. इथे सगळं संरक्षण माणसाने रचलेल्या दगडाचं.

---

सदाफुली

आम्ही क्रॉयडनला असतो. सुट्टीत मुलाला घेऊन जायचा विचार आहे, वय ९. सोबत सासूबाई असतील, त्यांचे गुडघे दुखतात. जिने कसे आहेत? तिकीट आधी काढावं लागतं का?

---

मेडवेकाठची

@सदाफुली, जिने गोल फिरत जाणारे, अरुंद आणि झिजलेले. सासूबाईंना माथ्यापर्यंत नेऊ नका. आई अर्ध्यावरून परत फिरली आणि खाली हिरवळीवर बसली. किल्ल्याची बाग सगळ्यांना मोकळी आहे, तिकीट फक्त बालेकिल्ल्याच्या आत जायला. इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचं सभासदत्व असेल तर तेही लागत नाही. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी बघून घ्या. माथ्यावर वारा फार असतो, मुलाला जाड जॅकेट असू द्या. वरून नदी, पूल आणि कॅथेड्रलचा कळस असं सगळं एका नजरेत येतं. आणि आत कबुतरं खूप आहेत, डोक्यावर टोपी असलेली बरी.

---

पंचक्रोशी

धागा फार चांगला चालू आहे, म्हणून थोडी भर घालतो.

नॉर्मन म्हणजे उत्तरेकडची माणसं. मूळचे व्हायकिंग. ९११ साली रोलो नावाच्या त्यांच्या म्होरक्याला फ्रॅंकांच्या राजाने सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख दिला, तो पुढे नॉर्मंडी झाला. दीडशे वर्षांत हे लोक फ्रेंच बोलणारे, घोड्यावरून लढणारे सरदार झाले आणि १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याच्या मागून इंग्लंडात उतरले.

त्याआधी इंग्लंडात तटबंदी नव्हती असं नाही. सॅक्सन लोकांचे 'बर्ह' होते, म्हणजे कोट घातलेली गावं. संकट आलं की सगळी पंचक्रोशी आत यायची. नॉर्मनांनी आणला तो वेगळाच प्रकार : एका सरदाराचं, त्याच्या कुटुंबाचं आणि त्याच्या शिपायांचं राहतं घर, गावाकडे पाठ करून उभं. आधी मातीचा उंच ढिगारा करायचा, त्यावर लाकडी मनोरा, खाली कुंपण घातलेलं आवार. काही आठवड्यांत उभा राहायचा. या स्वारीची गोष्ट सांगणारं बायोचं लांबलचक भरतकाम (बायो टॅपेस्ट्री) आहे, त्यात हेस्टिंग्जला असा ढिगारा रचणारे मजूर फावड्यांसकट दाखवलेत. दगडाचे बालेकिल्ले बहुतेक ठिकाणी नंतर आले.

हे सगळं जिंकलेल्या लोकांच्या जमिनीवर. रोचेस्टरचीच नोंद १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमिनींच्या नोंदणीत, आहे : किल्ल्याखाली गेलेल्या जागेच्या बदल्यात बिशपला एल्सफर्ड इथे जमीन दिली. बिशप होता, म्हणून बदली जमीन मिळाली आणि नोंदही राहिली.

त्यामुळे मला वाटतं, 'कॅसल'ला किल्ला म्हणण्यापेक्षा 'गढी' हा शब्द जास्त बसतो. देशमुखाची गढी असते तशी. वतनदाराचं घर, धाक आणि कोठार एकाच भिंतीत.

---

कातळवाट

@पंचक्रोशी, 'गढी' सुरुवातीच्या मातीच्या ढिगाऱ्यांना अगदी चपखल. पण रोचेस्टरला नको. गढी वतनदाराची असते. हा किल्ला राजाचा आहे, आर्चबिशपकडे फक्त ताबा. राजा आणि ताबेदार यांच्यात वाकडं आलं की वेढा पडतो. हे तर थेट किल्लेदारीचं नातं झालं. मी किल्लाच म्हणेन, आणि मधल्या मनोऱ्याला बालेकिल्ला.

---

पंचक्रोशी

हे पटलं. ताब्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आणि तो तुम्ही म्हणता त्याहून जुना आहे. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा सावत्र भाऊ ओडो, बायोचा बिशप आणि केंटचा अर्ल, त्याने १०८८ मध्ये त्या विल्यमचा मुलगा राजा विल्यम रूफस याच्याविरुद्ध बंड केलं ते याच गावातून. तेव्हाही वेढा पडला, ओडो हरला आणि इंग्लंडातून कायमचा गेला. त्यानंतर रूफसने रोचेस्टरचा बिशप गंडल्फ याच्याकडून किल्ला दगडात बांधून घेतला. बिशपने ६० पौंड खर्च करायचे, बदल्यात हॅडनॅम हे गाव त्याच्या मठाकडे राहील, असा सौदा ठरला.

गंडल्फ हा माणूस बांधकामातला मोठा जाणकार. टॉवर ऑफ लंडनच्या मधल्या बालेकिल्ल्यावर, व्हाइट टॉवरवरही त्याचीच देखरेख होती. म्हणजे टॉवर बघून जो रोचेस्टरला येतो, तो एका माणसाची दोन कामं बघतो. बाहेरच्या तटाचा नदीकडचा भाग गंडल्फच्या काळातला आहे, बालेकिल्ल्याच्याही आधीचा. लोक तिकडे पाठ करून मनोऱ्याचे फोटो काढतात, त्या तटाकडे जरूर बघा.

---

लिफीतीर

मी डब्लिनला असते. नॉर्मन पुढे आयर्लंडलाही आले. इथून तासाभरावर बॉइन नदीकाठी ट्रिम आहे, ह्यू द लेसीने बाराव्या शतकात बांधायला घेतलेला. त्याचा बालेकिल्ला चौकोनी नाही, क्रुसाच्या आकाराचा, वीस बाजूंचा. आत फिरवून दाखवतात. बाबांना पुढच्या खेपेला इकडे पाठवा, वीस कोपरे आहेत बघायला.

---

जुनी_पेठ

पडलेल्या कोपऱ्यानंतर काय झालं ते राहिलंच. आडभिंतीमागच्या माणसांचं काय झालं? राजाने मारून टाकलं?

---

मेडवेकाठची

आत साधारण शंभर-सव्वाशे सरदार-स्वार आणि त्यांच्याबरोबर शिपाई, क्रॉसबोवाले (चाप ओढून बाण सोडायचं धनुष्य चालवणारे) होते. पुढारी विल्यम दोबिन्यी. ते आले तेव्हाच किल्ल्यात दाणागोटा नव्हता, भरायला दोन-तीन दिवसच मिळाले आणि राजा आला. लंडनहून मदतीला निघालेली फौज डार्टफर्डपर्यंत येऊन परत गेली. नंतर घोडे मारून खाल्ले, आणि या लोकांचे घोडे म्हणजे लढाईचे, जिवापाड जपलेले.

३० नोव्हेंबरला शरण आले. विहीर त्या आडभिंतीत होती. संपलं ते अन्न.

जॉनला सगळ्या सरदारांना फासावर द्यायचं होतं. त्याच्याच बाजूचा साव्हारी द मोलेआँ आडवा आला. म्हणाला, उद्या आपली माणसं त्यांच्या हाती सापडली तर तेही हेच करतील, मग तुमच्यासाठी लढायला कोण उभं राहील? राजाने ऐकलं आणि बहुतेकांना कैदेत टाकलं. फक्त एकाला फाशी दिली. तो एक क्रॉसबोवाला होता, लहानपणापासून जॉनच्याच पदरी वाढलेला. सरदारांच्या मागे पैसा होता, नातेवाईक होते, त्यांच्यासाठी बोलणारा कुणीतरी होता. त्या पोरासाठी कुणी बोललं नाही, त्याचं नावही मला कुठे सापडलेलं नाही. मी किल्ल्यावर जाते तेव्हा मला आठवतो तो हाच माणूस.

वर्षभराने, ऑक्टोबर १२१६ मध्ये, जॉन मेला. गादीवर आलेला तिसरा हेन्री तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या कारकिर्दीत किल्ल्याची दुरुस्ती झाली आणि पडलेला कोपरा गोल बांधला. चौकोनी कोपऱ्याचा दगड खालून पोखरायला सोपा आणि वरून त्याच्या आडोशाला काय चाललंय ते दिसत नाही. गोलाला तशी आंधळी बाजू नसते. बाकीच्या तीन कोपऱ्यांना कुणी हात लावला नाही.

१२६४ मध्ये तिसऱ्या हेन्रीविरुद्ध उठलेल्या सरदारांचा पुढारी सिमॉन द माँफोर्ट यानेही वेढा घातला. बाहेरचं आवार घेतलं, बालेकिल्ला नाही. राजाची फौज येतेय म्हटल्यावर वेढा उठला. १६१० मध्ये पहिल्या जेम्सने किल्ला देऊन टाकला आणि पुढे आतलं लाकूड गेलं. म्हणून आज मजले नाहीत.

---

सदाफुली

काल जाऊन आलो. सासूबाई हिरवळीवर बसल्या, आम्ही दोघं वर.

मुलाला आधी सगळं सांगून नेलं होतं. आत शिरल्यावर तो सरळ आडभिंतीकडे गेला आणि विहिरीच्या नळकांड्यात डोकावून मला विचारायला लागला की हे लोक कुठल्या बाजूला होते. गोल बुरूज कुठे आहे ते बघितलं, तो कोपरा पडला म्हणजे शत्रू त्या बाजूने आला, म्हणजे आतले लोक या बाजूला. त्याने स्वतःच जुळवलं. मग जाऊन त्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि समोरच्या कमानींकडे बघत राहिला. कमानींवर नागमोडी नक्षी आहे, दगडात कोरलेली, अजून धारदार. त्याने विचारलं, "आई, त्यांना ही नक्षी दिसत असेल का तेव्हा?"

बाहेर पडल्यावर तो गोल बुरुजाशी गेला आणि जमिनीजवळच्या दगडावर तळहात टेकवून थोडा वेळ उभा राहिला. ताई, तुमच्या बाबांना सांगा.

---

मेडवेकाठची

@सदाफुली, आत्ताच साताऱ्याला फोन करून वाचून दाखवलं. बाबा म्हणतात, त्याला सांग, पुढच्या वेळी ओळंबा घेऊन जा, जुने तीन कोपरे अजून सरळ आहेत का ते बघून कळव.